नंदू, वहिनींना मी सांगून टाकलं

नंदू,

तू जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे.

शोकसभेत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मी उठलोच नाही. ऑफिसातली नवी पोरं मागे लागली होती, "सर, तुम्ही बोला, सगळ्यात जास्त तुम्हीच फिरलात त्यांच्यासोबत." घसा बसलाय म्हणालो. घसा चांगला ठणठणीत होता. पण जे बोलायचं होतं ते मला तुझ्याशी बोलायचं होतं, आणि तू नेमका भिंतीवर हार घालून, कुणाकडेच न पाहता बसला होतास. शेवटच्या दिवसांत माझ्याकडे बघायचं टाळलंस, तसाच.

म्हणून इथे लिहितो आहे. तुला उत्तर देता येणार नाही हे मला माहीत आहे. तसं शेवटचे तीन-चार महिने तुला कुठे देता येत होतं?

आपण एकाच दिवशी नोकरीला लागलो. सदरमधल्या त्या इमारतीच्या जिन्यावर वर्षभराच्या कराराची ऑर्डर हातात घेऊन दोघं बसलो होतो. तू इंदोऱ्याचा, मी काटोलकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. तुझे खांदे पाहून मला वाटलं, हा पोलीस भरतीतून चुकून इकडे आला असावा. कबड्डी खेळायचास म्हणालास. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसाची गोष्ट तू पहिल्याच चहाला ऐकवलीस. ते कुठून चालत आले, कुणाच्या खांद्यावर बसून कोण आलं, पांढरं कापड कुठून मिळवलं, सगळं. स्वतःबद्दल मात्र एक अक्षर नाही. पुढे इतकी वर्षं एका जीपमध्ये बसूनही तुझा तो हिशेब बदलला नाही. घराण्याचं, गावाचं, राजकारणाचं, क्रिकेटचं सगळं बोलायचास. तुझं स्वतःचं काही विचारलं की "सोड ना बे" म्हणून खिडकीबाहेर पाहायचास.

काम सांगायला सोपं होतं. जंगलाकडच्या गावांमध्ये औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटलेल्या असायच्या. काही वर्षांनी त्या घराघरांत जाऊन पाहायच्या. लोक वापरतात का, भोकं किती पडली, आणि मुख्य म्हणजे जाळीतलं औषध अजून आहे की धुऊन धुऊन गेलं. औषध तपासायला जाळीवर प्लास्टिकचा छोटा शंकू बसवायचा. पेरणीच्या तिफणीवर बियाणं ओतायच्या चाड्यासारखा दिसतो म्हणून मी त्याला चाडं म्हणायला लागलो आणि तूही. त्यात नळीनं फुंकून चार-पाच डास सोडायचे, काही मिनिटं जाळीवर बसू द्यायचे, मग काढून कागदी पेल्यात ठेवायचे आणि वाट पाहायची. उताणे पडले तर औषध जिवंत, उडत राहिले तर गेलं. भोकं मोजायला मात्र दोन माणसं लागतात. मच्छरदाणी टांगायची, एकानं बॅटरी घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून पाहायचं. पहिल्या दिवशीच तू म्हणालास, "तू अंदर जा, मी उंच हाओ, मले बाहेरून वरच्या कडा दिसतात." मला ते पटलं. कितीतरी दिवस मी तुझ्या उंचीवरच विश्वास ठेवून जाळीत घामाघूम होत बसलो.

मग ते धरणामागचं गाव आलं.

त्या दिवशी मोठे साहेब सोबत होते. नव्या मच्छरदाण्या वाटायच्या होत्या आणि लोकांना प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. एका बुढीच्या घरी बाज होती, गादी होती, तिथे जाळी बांधली. साहेबांनी गर्दीकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. "देवानंद, तुम्ही जा आत. एवढा मोठा माणूस आरामात मावतो हे दिसू द्या सगळ्यांना." मी म्हटलं, साहेब, मी जातो. ते म्हणाले, नाही, नाही, हेच जाऊ देत.

तू गेलास. बुढीनं मोठ्या हौसेनं जाळीच्या चारी बाजू गादीखाली खोचल्या आणि म्हणाली, "झोपा आता साहेब, एक मच्छर शिरला तर मले सांगा." अंगणात बायका, म्हातारे, पोट्टे, सगळं गाव. साहेब भाषण देत होते. मी तुझ्याकडे पाहत होतो. तुझा चेहरा राखेसारखा झाला. तू बोटांनी खोचलेली कड शोधू लागलास. एका बाजूला शोधली, दुसऱ्या बाजूला शोधली, ती सापडेना. तुझं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. मग तू दोन्ही हात जाळीत घातलेस आणि ती वरपासून खालपर्यंत फाडून बाहेर आलास. बुढीची कोरी मच्छरदाणी. अंगणात जाऊन तू गुडघ्यावर बसलास आणि कुत्र्यासारखा धापा टाकू लागलास.

साहेब धावले. "काय झालं, देवानंद? काय झालं?"

तू म्हणालास, "औषध. औषधानं आग होऊन राहिली अंगाची."

एवढंच बोललास. पुढच्या खेपेला आपण गेलो तेव्हा त्या गावात एकही मच्छरदाणी बाजेवर नव्हती. कोंबड्यांच्या खुराड्यावर होती, वालाच्या वेलावर होती, एकीनं तर तिची दोरी वळली होती. बुढी दारातच आडवी उभी राहिली. "तुमचा येवढा पहिलवान गडी फेफऱ्यावानी करू लागला, आन् आमी लेकरं झोपवू का त्याच्यात?"

त्या संध्याकाळी धरणाच्या भिंतीवर तू मला खरं सांगितलंस. मी विचारलं म्हणून नाही. मी तर तुला डॉक्टरकडे नेण्याच्या गोष्टी करत होतो, ॲलर्जीची गोळी घे म्हणत होतो.

"औषध नाही गा, विन्या. मले अंदर जाता येत नाही. जाळी तोंडाजवळ आली का वाटते, आता मले कोणी बाहेर काढणार नाही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"काहून पण?"

तेव्हा तू सांगितलंस की लहानपणी खेळताना कुणीतरी तुला धान्याच्या कोठीत घालून झाकण लावलं होतं. दुसऱ्या एका वेळी, पारशिवनीच्या रस्त्यावर, तू सांगितलंस की कन्हान नदीत पोहताना कोळ्यांच्या जाळ्यात पाय अडकला होता. कोठीचं काय झालं विचारलं तर म्हणालास, तेही झालं. आणि तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसलास, "अबे, मायच्या पोटातच असीन मले ते." यातलं खरं कोणतं, की तिन्ही खरी, की एकही नाही, मला आजही माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही.

आपलं पहिलं भांडण त्याच भिंतीवर झालं. मी म्हणालो, गावात जाऊन खरं सांग. भीती वाटते म्हण. त्यात लाज कसली? गावातही असतील चार जण तुझ्यासारखे. पण औषधाला बदनाम करू नको, लोकांनी जाळ्या काढून फेकल्या.

तू चिडलास. "मच्छरदाण्या तपासणारा माणूस मच्छरदाणीले भेते, असं सांगू? साहेबाच्या कानावर गेलं तर पुढच्या सालची ऑर्डर निघन का माही?"

"मग लेकरं पडू दे तापानं?"

तू उठून चालायला लागलास. पण दुसऱ्या दिवशी तूच जीप त्या गावाकडे वळवायला लावलीस. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर उभा राहून सांगितलंस, की औषधात काही दोष नाही, त्या दिवशी माझीच तब्येत बरी नव्हती. सगळे ऐकत होते. बुढी म्हणाली, "मंग झोपून दाखवा."

तू माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मी विसरलेलो नाही. एवढा मोठा माणूस, आणि डोळ्यांत असं काही, की मी न बोलता चपला काढल्या.

भर दुपारी, ओसरीवर, गावभर लोकांच्या देखत मी मच्छरदाणीत झोपलो. पोट्टे हसत होते. कुणीतरी म्हणालं, मेला का पाहा. मला वाटलं होतं अर्धा तास डोळे मिटून पडू, पण सकाळपासूनची दगदग, मला खरंच झोप लागली आणि मी घोरलो. जाग आली तेव्हा बुढी बाहेरून सुपानं वारा घालत होती. तू ओसरीच्या खांबाला टेकून बसला होतास आणि हसू दाबत होतास. तुझं ते हसू मला अजून दिसतं.

जाळ्या हळूहळू परत बाजेवर चढल्या, पण सगळ्या नाही. त्या पावसाळ्यात गावात हिवतापाचे रोगी निघाले. जाळ्या उतरल्या म्हणूनच निघाले असं कुणी म्हणू शकत नाही आणि मी तेव्हाही म्हटलं नाही. पण रक्ताचे नमुने घ्यायला तू स्वतः घरोघर फिरलास, ते तुझं काम नसताना. एका मुलीला मांडीवर घेऊन तिच्या बोटातून रक्त घेताना तू तिला काहीतरी पुटपुटत होतास. जवळ गेलो तर गप्प झालास.

परत येताना जीपमध्ये तू माझ्याकडून वचन घेतलंस. "कोणाले सांगू नोको. शीलालेही नाही."

मी चकित झालो. "वहिनींना माहीत नाही?"

"तिले वाटते, मले उकडते."

"हिवाळ्यातही?" मी हसलो. तू हसला नाहीस. खिडकीबाहेर पाहत राहिलास.

मी वचन दिलं. मला ते तेव्हा फार मोठं वाटलं नाही.

त्यानंतर एक गोष्ट बदलली, आणि तिच्यासाठी तुझे आभार मानायचे राहिलेत. गावात कुणी म्हणालं, आत जीव घाबरतो, तर आम्ही बाकीचे लोक ते कारणं सांगणं समजायचो. आळशीपणा. तू मात्र उकिडवा बसून विचारायचास, कसं वाटते? छातीत का गळ्यात? मग सांगायचास, की चारी बाजूंनी खोचू नका, तोंडाकडची बाजू सैल ठेवा. अगदीच जमत नसेल तर खिडकीला अन् दाराला जाळी ठोका, खोलीच मच्छरदाणी करून टाका. मी म्हणायचो, तू नियम मोडतोस. औषध अंगाजवळ असलं तर काम करतं. तू म्हणायचास, "माणूस अंदर राहिला तर औषध काम करन ना? पळून गेला तं कोणाचं काम?" हा वाद आपण वर्षानुवर्षं घातला. मनसरच्या चहाच्या टपरीवर, पुलाखाली, ऑफिसच्या व्हरांड्यात. मला वाटायचं, अजून खूप वेळ आहे, एक दिवस याला पटवीन.

मग दसऱ्याच्या आसपास तू न्हाणीघरात पडलास.

अर्धं अंग गेलं. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजत असेल थोडंफार, सांगता येत नाही. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी रोज यायचो. तू पलंगावर, नाकातून नळी, डावा हात तेवढा हलणारा. मुलगा मिहानमधल्या कंपनीत शिफ्टला, त्यामुळे सगळं वहिनींच्या अंगावर. कूस बदलणं, पुसणं, नळीतून पातळ खाणं. त्या बाईनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी मग दिवसाआड येऊ लागलो, मग मला दौऱ्यावर जावं लागलं.

दौऱ्यावरून परतल्यावर वहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुमची ते डास सोडून पाहायची वस्तू आणता का? यायच्या मच्छरदाणीत औषध हाये का गेलं, ते पाहून द्या. शेजारची पोरगी डेंग्यूनं भरती हाये."

मी फोन ठेवला. 'यायच्या मच्छरदाणीत' म्हणाल्या होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाळलेल्या डासांचा एक पेला आणि एक चाडं पिशवीत घालून मी तुझ्या घरी आलो. सीताबर्डीला मेट्रोतून उतरून ऑटो केला, मांडीवर पिशवी धरून. तुझ्या खोलीत शिरलो आणि दारातच थांबलो. पलंगावर मच्छरदाणी बांधली होती. तीच, पांढरी, आपल्याच वाटपातून उरलेली, केव्हातरी तूच घरी आणलेली. चारी बाजूंनी गादीखाली नीट खोचलेली. आत तू. आणि तुझा डावा हात सुती पट्टीनं पलंगाच्या दांड्याला बांधलेला.

"हात काहून बांधला, वहिनी?"

"नळी ओढतात ना. दवाखान्यातच बांधत होते तसा." मग त्या म्हणाल्या, "आन् आता तं मच्छरदाणीही ओढतात. समजत नाही ना काही यायले."

"दिवसाही लावून ठेवता?"

"डेंग्यूचा डास दिवसाच चावते ना, भाऊजी? तुमी दोघंच तं गावोगाव सांगत फिरले, मच्छरदाणीत झोपा म्हणून."

मी पिशवी उघडली.

मी चाडं बसवलं. तुझ्या तोंडाच्या बाजूला बसवणं भाग होतं, उजेड तिकडेच होता. नळीनं डास सोडताना तुझा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, मध्ये ती जाळी. नंदू, तुला सगळं समजत होतं. डॉक्टर काही म्हणोत. तुझं कपाळ घामानं भिजलेलं होतं, नोव्हेंबरात. तू माझ्याकडे पाहत होतास, आणि ती नजर मी आधी एकदा, ओसरीवर, पाहिली होती. बांधलेल्या हाताची बोटं मिटत होती आणि उघडत होती. चाड्यातले डास जाळीवर बसले होते, तेही बाहेर पडायला पाहत होते. मी घड्याळाकडे बघत होतो, कारण तुझ्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

डास पेल्यात घेतले. वहिनींनी चहा टाकला. तासाभराने पेला उजेडात धरला, तर सगळे उताणे पडलेले. औषध चांगलं शाबूत होतं.

"हाये ना?" वहिनींनी विचारलं.

माझ्या मनात आलं, नाही म्हणावं. औषध गेलं, काढून टाका म्हणावं. तेवढ्यानं तू सुटला असतास. पण वहिनी बाजारातून दुसरी आणणार होत्या, त्याच दिवशी. आणि औषधाच्या नावावर खोटं बोललं की काय होतं ते आपण एकदा पाहिलं होतं. तू सांग, मी काय करायला हवं होतं? मी तुला दिलेलं वचन तुझ्याच पलंगाच्या चारी बाजूंनी खोचलं गेलं होतं आणि मीच त्याचा पहारेकरी.

स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात सांगता आलं असतं. पण तुझ्या पाठीमागे नको वाटलं. मी खुर्ची तुझ्या पलंगाशी ओढली आणि तुझ्यासमोर, तुला ऐकू जाईल असं, सगळं सांगितलं. बुढीचं घर, फाटलेली जाळी, औषधाचा बहाणा, ओसरीवरची माझी झोप. तुला जाळीत राहताच येत नाही, कधीच आलं नाही. तू हे कुणाला सांगू नको म्हणाला होतास, तेही सांगितलं.

वहिनी चहाचा कप हातात घेऊन उभ्याच होत्या. कप खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. मला वाटलं, आता रडतील, किंवा माझ्यावर रागावतील, इतके दिवस सांगितलं नाही म्हणून.

त्या म्हणाल्या, "म्हणजे माह्यामुळं नाही?"

मला कळलं नाही.

"लग्न झालं तेव्हा माह्या आईनं आंदणात मच्छरदाणी देल्ली होती, गुलाबी. कोपऱ्याला झालर लावलेली. पहिल्याच रात्री हे उठून बाहेर गेले. मी वाट पाहत बसली. सकाळी पाहतो तं समोरच्या खोलीत तख्तावर झोपून. म्हणे, उकडते. दुसऱ्या दिवशीही तेच. मंग रोजच. डिसेंबरात कोणाले उकडते, भाऊजी?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक होत गेला. "मले वाटलं, मी पसंत नाही यायले. मी काळी होती, हे उंचेपुरे. लोकंही म्हणत. मुलगा झाला तरी माह्या मनातून ते गेलं नाही. मी कधी विचारलं नाही. विचारलं आन् हो म्हणाले तं काय करत होती मी?"

त्या जाळीजवळ वाकल्या. "अहो. हे खरं हाये?"

तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. तेवढं तुला करता येत होतं आणि तू ते केलंस. डोळ्यातून पाणी उशीवर उतरताना आम्हा दोघांनाही दिसलं.

वहिनींनी खोचलेली जाळी उपसली, आत हात घातला आणि तुझ्या हाताची पट्टी सोडली. नळीकडे गेलास तर पुन्हा बांधावा लागेल म्हणून मी पुढे सरकलो होतो. तुझा हात नळीकडे गेला नाही. तो वर गेला, त्यानं जाळी मुठीत धरली आणि खाली ओढली. एक दोरी तुटली. बाकीच्या तीन वहिनींनी स्वतः सोडल्या.

शेजारी डेंग्यू होताच, म्हणून खोली उघडी ठेवून चालणार नव्हतं. मग तू जे लोकांना सांगायचास तेच आम्ही केलं. मी कोपऱ्यावरून लाकडी पट्ट्या आणि खिळे आणले. वहिनींनी कात्री दिली. औषध शाबूत असलेली, बिनभोकाची मच्छरदाणी मी माझ्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदा कापली. एक तुकडा खिडकीला ठोकला, मोठा दाराला, खाली वजनाला विटेचे तुकडे बांधून. आपला तो वाद तिथे तू जिंकलास. हे कबूल करायला मला तुझ्याकडे पाहायचं होतं. तू पाहिलं नाहीस.

त्या दिवसापासून तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस, नंदू.

मी दर रविवारी आलो. तुला वर्तमानपत्र वाचून दाखवलं, ऑफिसातल्या नव्या साहेबाची नक्कल केली, त्या धरणामागच्या गावाला पुन्हा जाऊन आलो ते सांगितलं. तू खिडकीकडे पाहायचास, वहिनींकडे पाहायचास, पंख्याकडे पाहायचास. तुझा श्वास आता मोकळा होता, कपाळ कोरडं होतं, हात बांधलेला नव्हता. वहिनींनी आपली गादी तुझ्या पलंगाला लागून टाकली होती आणि त्यांनीच एकदा सांगितलं की झोपेत तुझा डावा हात खाली लोंबून त्यांच्या केसांत असतो. सांगताना त्या लाजल्या. या वयात. हे सगळं मी पाहिलं. मी चूक केली असं मला वाटत नाही, आजही पुन्हा तेच करीन. पण तू रागावला होतास का? की लाजला होतास? की तुझ्या डोळ्यांनाच आता तेवढं वळता येत नव्हतं, आणि मी उगाच जीव जाळतो आहे? एकदा माझ्याकडे पाहिलं असतंस तर मला कळलं असतं. मी त्या खोलीत अजून तसाच बसलेलो आहे, तुझ्या मानेकडे पाहत.

तू थंडीत गेलास, दुपारी, वहिनी तुझ्या पायांना तेल लावत असताना. त्या म्हणतात, त्यांना कळलंही नाही. दुसरा पाय हातात घेतला तेव्हा कळलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी गेल्यावर, लोक जेवून पांगल्यावर, मी निघायला उठलो. वहिनी म्हणाल्या, "बसा जराशे." पांढऱ्या लुगड्यात त्या मला एकदम लहान दिसल्या. तख्तावर माझ्यासमोर बसल्या आणि हातातल्या बांगडीची जागा चाचपत म्हणाल्या, "भाऊजी, तुमी येवढे वर्षं संग फिरले. हे माह्याबद्दल काही बोलत होते का कधी?"

मी म्हणालो, हो.

आणि मग मला आठवावं लागलं. तू फार बोलणारा नव्हतास. पण होतं. मी सांगितलं की डब्यातली भाजी दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायचा नाहीस, मलासुद्धा नाही. सांगितलं की रामटेकच्या बाजारात हिरव्या बांगड्यांपाशी दर वेळी उभा राहायचास आणि माप माहीत नाही म्हणून परत यायचास. मग ते बारावीचं. लग्नानंतर वहिनींनी बारावीची परीक्षा दिली तेव्हा तू रजा काढून रोज केंद्रासमोर लिंबाखाली बसून राहिला होतास. पेपर सुटला, त्या हसत बाहेर येताना दिसल्या, की दुसऱ्या गल्लीनं निघून जायचास. हे तू मला एकदाच सांगितलं होतंस, जीप बंद पडली होती तेव्हा, बोनेटकडे पाहत.

"ते तिथं होते?" वहिनी म्हणाल्या. "मले तं ड्युटीवर जातो म्हणत."

"रोज होता."

त्यांनी तुझ्या फोटोकडे पाहिलं. मला वाटत होतं की हे बोलणं माझं नाही, मी दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या जागेवर बसलो आहे. हे सगळं तू सांगायचं होतंस, नंद्या. तोंड चालत होतं तेव्हा, या तख्तावरून उठून, आतल्या खोलीच्या दारात उभं राहून. फार लांब नव्हतं.

वहिनींनी डोळे पुसले नाहीत. पदर नीट केला आणि माझ्याकडे वळल्या.

"आणखी?" त्या म्हणाल्या.

माझ्याकडे आता फार उरलेलं नाही, नंदू.